गुणफलक, वजनकाटा आणि नव्या दावेदार

फ्रीस्टाइल कुस्तीत प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे गादीला टेकवले की निकाल लागतो आणि त्यावर कुणाचे दुमत उरत नाही. पण आजच्या आंतरराष्ट्रीय कुस्त्यांपैकी पुष्कळशा चितपट न होता गुणांवर सुटतात. सहा मिनिटांत कुणी किती गुण घेतले, कोणता गुण कशाबद्दल मिळाला, शेवटचा गुण कुणाचा, यावर जय-पराजय ठरतो. त्यामुळे कुस्ती संपली तरी कुस्तीशौकिनांची चर्चा संपत नाही. दोन गुण द्यायला हवे होते की चार? बरोबरीत असताना एकीचाच हात का उंचावला? पहिल्याच फेरीत हरलेली मल्ल कांस्यपदक घेऊन कशी परतली? आणि शंभर ग्रॅम वजनासाठी अंतिम फेरी कशी हिरावली गेली?

महिलांच्या कुस्तीत हे प्रश्न गेल्या काही वर्षांत अधिक तीव्रतेने विचारले गेले. एकीकडे वर्षानुवर्षे अजिंक्य राहिलेल्या मल्ल हरू लागल्या, दुसरीकडे वीस वर्षांच्या मुली ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दिसू लागल्या. यातला कोणता निकाल खऱ्या ताकदीचा आणि कोणता नियमांच्या किंवा सोडतीच्या कृपेचा, हे ठरवायचे तर गुण, सोडत आणि वजन या तीन गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात.

गुण कसे मिळतात

महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा फ्रीस्टाइलच्याच नियमांनी होतात. ग्रीको-रोमन प्रकार फक्त पुरुषांसाठी आहे. फ्रीस्टाइलमध्ये पाय धरता येतात, त्यामुळे एकेरी पट आणि दुहेरी पट हे सर्वांत जास्त दिसणारे हल्ले. दोन्ही हात काखेतून घालून मानेवर दाब देणारी दुहेरी पकड महिलांच्या कुस्तीत निषिद्ध आहे. हा अपवाद सोडला तर स्त्री आणि पुरुष मल्लांचे डाव सारखेच. लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती.

प्रतिस्पर्ध्याला खाली आणून तिच्या पाठीमागे ताबा मिळवला की दोन गुण. खाली असलेल्या मल्लाला भारंदाज लावून किंवा पाय अडकवून फिरवले आणि तिची पाठ गादीच्या दिशेने झुकली, तरी दोन गुण. उभ्याने डाव मारून प्रतिस्पर्ध्याला थेट धोकादायक स्थितीत, म्हणजे पाठीवर आणले तर चार. उंच उचलून मोठ्या झोक्याने पाठीवर फेकले तर पाच. खाली दबलेल्या मल्लाने उलटून ताबा घेतला तर एक, आणि प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर ढकलले तर एक. फरक दहा गुणांचा झाला की तांत्रिक गुणाधिक्यावर कुस्ती तिथेच थांबते.

यातली दोन आणि चार गुणांमधली सीमारेषा सर्वांत वादाची. पाठ गादीकडे खरोखर झुकली होती का, की मल्ल कुशीवर पडली आणि मग ताबा घेतला गेला, हे निमिषभरात ठरवावे लागते. मराठी प्रेक्षकांना याचा अनुभव जानेवारी २०२३मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आला. माती विभागातल्या महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्या लढतीत बाहेरची टांग या डावावर महेंद्रला चार गुण देण्यात आले. सिकंदर त्या क्षणी धोकादायक स्थितीत होता की नाही, यावर राज्यभर अनेक दिवस खल झाला. चित्रफीत थांबवून, मागे-पुढे करून प्रत्येकाने आपापला निर्णय दिला. नियम दोन्ही बाजूंना मान्य होता. मतभेद होता तो एका खांद्याच्या कोनावर.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तीन जण निर्णय देतात: गादीवरचा पंच, बाजूला बसलेला दुसरा पंच आणि मॅट चेअरमन. तिघांपैकी दोघांचे एकमत झाले की गुण धरला जातो. एखाद्या गुणावर हरकत असेल तर मल्लाच्या बाजूने चित्रफीत तपासण्याची मागणी करता येते. मात्र ती फुकट नसते. हरकत फेटाळली गेली तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. अखेरच्या सेकंदांत कुस्ती हातची गेली की प्रशिक्षक शेवटचा उपाय म्हणून हरकत घेतात, आणि म्हणूनच अनेक गाजलेल्या लढतींच्या गुणसंख्येत एक जादा गुण दिसतो.

निष्क्रियता आणि बरोबरी

हल्ला न करता नुसती खाडाखडी करणाऱ्या मल्लाला पंच आधी ताकीद देतात. त्यानंतरही ती पुढाकार घेत नसेल तर तीस सेकंदांचे घड्याळ लावले जाते. त्या तीस सेकंदांत कुणीच गुण घेतला नाही तर तिच्या प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. बचावाच्या कुस्त्या कमी व्हाव्यात म्हणून हा नियम आला, पण त्यामुळे एकही डाव न लागता गुण मिळण्याची सोय झाली. असे गुण मिळवून आघाडी घ्यायची आणि उरलेला वेळ सांभाळून खेळायचे, हीसुद्धा आता एक पद्धत आहे.

सहा मिनिटे संपल्यावर गुण समान असले तरी कुस्ती बरोबरीत सुटत नाही. आधी पाहिले जाते ते मोठ्या किमतीचा डाव कुणाचा. दोन गुणांचा एक ताबा हा एक-एक गुणांच्या जोडीपेक्षा वरचढ धरला जातो. तिथेही समानता असेल तर कुणाला कमी वेळा दंडाची ताकीद मिळाली ते पाहतात. तरीही निवाडा झाला नाही तर शेवटचा गुण ज्या मल्लाचा, ती विजयी.

हे सगळे नियम एकाच लढतीत पाहायचे असतील तर ६ ऑगस्ट २०२४ची पॅरिसमधली विनेश फोगाट आणि युई सुसाकी यांची पहिल्या फेरीची कुस्ती पाहावी. सुसाकी टोकियो ऑलिंपिकची सुवर्णविजेती. टोकियोत तिने एकही गुण न गमावता पदक जिंकले होते आणि जपानबाहेरच्या कोणत्याही मल्लाकडून ती तोवर हरली नव्हती. विनेशने जवळजवळ संपूर्ण लढतीत बचाव भक्कम ठेवला. तिच्या निष्क्रियतेबद्दल सुसाकीला दोनदा एक-एक गुण मिळाला आणि फलक २-० झाला. अखेरच्या काही सेकंदांत विनेशने ताबा मिळवून दोन गुण घेतले. फलक २-२ झाला, पण दोन गुणांचा डाव विनेशचा असल्याने ती पुढे गेली होती. जपानने हरकत घेतली, ती फेटाळली गेली आणि अंतिम निकाल ३-२ असा नोंदला गेला. हा निकाल नशिबाने लागला असे म्हणणाऱ्यांनी या गणिताकडे पाहावे. सुसाकीला डाव लावण्याची संधीच मिळू द्यायची नाही, त्याबद्दल दोन गुण गेले तरी चालतील आणि एकच हल्ला अचूक वेळी करायचा, ही आखलेली कुस्ती होती.

त्याच ऑलिंपिकमध्ये ७६ किलो गटात रीतिका हुड्डाला हाच नियम उलटा लागला. उपांत्यपूर्व फेरीत किर्गिझस्तानच्या अइपेरी मेदेत किझीविरुद्ध फलक १-१ राहिला. दोन्ही गुण निष्क्रियतेचे, म्हणून मोठ्या डावाचा निकष लागू होईना. शेवटचा गुण किर्गिझ मल्लाचा होता, त्यामुळे रीतिका हरली. एकही डाव न लागता ऑलिंपिकची उपांत्य फेरी गाठता येते, ही गोष्ट अनेक प्रेक्षकांना खटकली. पण पहिला गुण आपल्याला मिळाला तर दुसऱ्या फेरीत घड्याळ आपल्यावर लावले जाऊ देता कामा नये, हे जाणत्या मल्लाला पाठ असते.

सोडत आणि रेपेचाज

ऑलिंपिकमध्ये प्रत्येक वजनगटात साधारण सोळा मल्ल असतात. जागतिक क्रमवारीतल्या मोजक्या मल्लांना मानांकन मिळते, बाकीच्यांची जागा सोडतीने ठरते. विनेश पॅरिसला मानांकनाविना गेली होती, म्हणूनच तिची पहिली गाठ थेट अव्वल मल्लाशी पडली. सोडत अनुकूल असेल तर मध्यम ताकदीची मल्लही उपांत्य फेरीपर्यंत जाऊ शकते, आणि प्रतिकूल असेल तर पदकाची दावेदार सकाळीच बाहेर पडते.

हा अन्याय काही अंशी भरून काढण्यासाठी रेपेचाजची व्यवस्था आहे. अंतिम फेरीत पोहोचलेल्या दोन मल्लांकडून ज्या हरल्या, त्यांना कांस्यपदकासाठी पुन्हा उभे राहण्याची संधी मिळते. म्हणून प्रत्येक गटात दोन कांस्यपदके दिली जातात. हरलेल्या मल्लाचे भवितव्य तिला हरवणाऱ्या मल्लाच्या हाती असते, त्यामुळे पराभवानंतर तिला प्रतिस्पर्ध्याच्याच विजयाची वाट पाहत बसावे लागते.

भारतीय महिला कुस्तीचे पहिले ऑलिंपिक पदक याच वाटेने आले. २०१६मध्ये रिओत साक्षी मलिक ५८ किलो गटाच्या उपांत्यपूर्व फेरीत रशियाच्या वलेरिया कोब्लोवाकडून हरली. कोब्लोवा अंतिम फेरीत गेली आणि साक्षीला रेपेचाज मिळाला. तिथे तिने मंगोलियाच्या ओर्खोन पुरेवदोर्जला १२-३ असे हरवले. ही ओर्खोन साधी मल्ल नव्हती. त्याच वर्षी जानेवारीत तिने जपानच्या काओरी इचोची अनेक वर्षांची अपराजित मालिका खंडित केली होती. कांस्यपदकाच्या लढतीत किर्गिझस्तानच्या अइसुलू तिनिबेकोवाविरुद्ध साक्षी ०-५ अशी मागे होती. दुसऱ्या फेरीत तिने बरोबरी साधली, शेवटच्या सेकंदांत ताबा घेतला, किर्गिझ बाजूची हरकत फेटाळली गेली आणि निकाल ८-५ झाला.

आठ वर्षांनी पॅरिसमध्ये अंशू मलिक आणि अंतिम पंघाल या दोघींना ही वाट मिळाली नाही. अंशूला पहिल्या फेरीत हरवणारी अमेरिकेची हेलेन मारूलिस उपांत्य फेरीत हरली. अंतिमला ०-१० असे हरवणारी तुर्कीची झेनेप येतगिल तर पुढच्याच फेरीत बाद झाली. त्यामुळे ‘पहिल्या फेरीत बाद’ असा एकच शेरा दोघींच्या नावापुढे लागला, तरी दोन्ही पराभवांचे वजन सारखे नव्हते. अंशू हरली ती ऑलिंपिक सुवर्ण आधीच नावावर असलेल्या मल्लाकडून. अंतिमचा पराभव मात्र तिच्या दर्जाच्या मानाने अनपेक्षित होता.

वजनकाट्याचा निर्णय

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत महिलांचे दहा वजनगट असतात: ५०, ५३, ५५, ५७, ५९, ६२, ६५, ६८, ७२ आणि ७६ किलो. ऑलिंपिकमध्ये मात्र यांपैकी सहाच ठेवले जातात: ५०, ५३, ५७, ६२, ६८ आणि ७६. शिवाय ऑलिंपिकमध्ये एका गटात एका देशाची एकच मल्ल उतरते. मधल्या गटांतल्या मल्लांना दर चार वर्षांनी वर चढायचे की खाली उतरायचे, हा निर्णय घ्यावा लागतो. अमेरिकेची अमित एलोर ७२ किलोची जगज्जेती होती. पॅरिससाठी ती ६८ किलोत आली आणि विसाव्या वर्षी सुवर्णपदक जिंकली. जपानच्या, चार ऑलिंपिक सुवर्णे जिंकलेल्या इचोला टोकियोची वाट बंद झाली ती परदेशी मल्लामुळे नव्हे. ५७ किलो गटात २०१९च्या निवड लढतीत रिसाको कावाईने तिला हरवले.

भारतात हाच पेच ५३ किलो गटात पडला. हा विनेशचा गट. २०२३च्या आशियाई स्पर्धेसाठी तिला निवड चाचणीतून सूट देण्यात आली, तेव्हा अंतिम पंघालने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. याचिका फेटाळली गेली. पण पुढे गुडघ्याच्या दुखापतीमुळे विनेशने माघार घेतली, तिच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि अंतिम त्या स्पर्धेसाठी हांगझोऊला गेली. त्याच वर्षी बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक जिंकून अंतिमने ५३ किलोची ऑलिंपिक जागा देशासाठी मिळवली. विनेशपुढे मग ५० किलोत उतरणे किंवा वरच्या गटात जाणे हे दोनच पर्याय राहिले. तिने ५० किलो निवडले, एप्रिल २०२४मध्ये बिश्केकच्या पात्रता स्पर्धेत जागा मिळवली आणि त्या गटात क्रमवारीचे पुरेसे गुण नसल्याने पॅरिसला मानांकनाविना पोहोचली.

पॅरिसमध्ये वजन दोन दिवस सकाळी होत होते. पहिल्या दिवशी विनेश मर्यादेत होती. सुसाकीनंतर तिने युक्रेनच्या ओक्साना लिवाचला ७-५ आणि क्यूबाच्या युस्नेलिस गुझमानला ५-० असे हरवून अंतिम फेरी गाठली. ऑलिंपिकच्या कुस्तीत अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. पण तीन लढतींनंतर शरीराला पाणी आणि अन्न द्यावेच लागते, आणि त्या संध्याकाळी तिचे वजन मर्यादेपेक्षा सुमारे २.७ किलोने वाढले होते. रात्रभर व्यायाम करून, घाम गाळूनही ७ ऑगस्टच्या सकाळी काटा शंभर ग्रॅम जास्त दाखवत होता. नियमानुसार वजनात न बसणारी मल्ल संपूर्ण स्पर्धेतून बाद होते आणि तिची नोंद सर्वांत शेवटी होते. आदल्या दिवशीचे तीन विजयही तिच्या कामी आले नाहीत.

यावर तीन वेगवेगळे वाद झाले आणि ते बहुधा एकत्र मिसळून बोलले गेले. पहिला वाद नियमाच्या वापराचा. इथे संदिग्धता नव्हती. ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धेत वजनाला सवलत नाही. दुसरा नियमाच्या न्याय्यतेचा. पहिल्या दिवशी वजनात असताना जिंकलेल्या लढती दुसऱ्या दिवशीच्या वजनामुळे पुसल्या जाव्यात का? विनेशने संयुक्त रौप्यपदकासाठी क्रीडा लवादाकडे दाद मागितली. १४ ऑगस्टला ती फेटाळली गेली. तिसरा वाद सर्वांत बारीक होता. विनेश शेवटच्या क्रमांकावर गेली, उपांत्य फेरीत तिच्याकडून हरलेली गुझमान अंतिम फेरीत आली, तरीही रेपेचाजसाठी विनेशच अंतिम फेरीत पोहोचलेली मल्ल धरली गेली. म्हणून सुसाकीला कांस्यपदकाची संधी मिळाली आणि तिने ते जिंकले. सुवर्णपदक अमेरिकेच्या सारा हिल्डेब्रँटने गुझमानला ३-० असे हरवून घेतले. एकाच मल्लाचे विजय एका कामासाठी रद्द आणि दुसऱ्या कामासाठी ग्राह्य, ही विसंगती नियमावर टीका करणाऱ्यांच्या हातचे सर्वांत भक्कम उदाहरण ठरली.

वजन उतरवण्याची प्रथा कुस्तीत जुनी आहे. मल्ल आपल्या नेहमीच्या वजनापेक्षा काही किलो खाली येऊन लढतात, कारण खालच्या गटात उंची आणि ताकदीचा फायदा मिळतो. पूर्वी स्पर्धेच्या आदल्या दिवशी एकदाच वजन होई आणि नंतर खाऊन-पिऊन ताकद भरून काढता येई. दोन दिवसांची पद्धत आली तीच मुळात हे प्रमाण रोखण्यासाठी. तरी ही प्रथा थांबलेली नाही. पॅरिसमध्ये पुरुषांच्या ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकलेला अमन सेहरावत २०२५च्या जागतिक स्पर्धेत १.७ किलो जास्त भरला आणि एकही लढत न खेळता बाद झाला.

जपानची सत्ता आणि तिला आव्हान

महिलांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८७मध्ये नॉर्वेत झाली. ऑलिंपिकचे दार उघडायला आणखी सतरा वर्षे लागली. २००४च्या अथेन्समध्ये चार वजनगट होते, २०१६च्या रिओपासून सहा झाले. या साऱ्या काळात जपान सतत अग्रस्थानी राहिला. साओरी योशिदाने तीन ऑलिंपिक सुवर्णे आणि तेरा जागतिक विजेतेपदे जिंकली. काओरी इचोने सलग चार ऑलिंपिकमध्ये सुवर्ण घेतले. वैयक्तिक प्रकारात हे साधणारी ती कोणत्याही खेळातली पहिली स्त्री.

या यशाचे मूळ लहान वयात आहे. जपानमध्ये मुली प्राथमिक शाळेच्या वयातच गावातल्या कुस्तीवर्गात जाऊ लागतात. योशिदा तिच्या वडिलांच्या मिए प्रांतातल्या कुस्तीशाळेत तयार झाली. पुढे आयची प्रांतातल्या शिगाक्कान विद्यापीठाने योशिदा, इचो, कावाई भगिनी अशा अनेक विजेत्या दिल्या. एका वजनगटात देशातच तीन-चार जागतिक दर्जाच्या मुली असल्या की राष्ट्रीय स्पर्धाच जागतिक स्पर्धेइतकी कठीण होते. खालून झपाट्याने शिरून पाय धरायचा, पहिला हल्ला फसला तर न थांबता दुसरा करायचा आणि खाली आणल्यावर लगेच फिरवायचे, ही जपानी शैलीची ओळख आहे.

ही सत्ता अभेद्य नाही, हे रिओत दिसले. मारूलिसने ५३ किलोच्या अंतिम लढतीत योशिदाला ४-१ असे हरवले. पॅरिसमध्ये सहापैकी चार सुवर्णे जपानची होती आणि उरलेल्या दोन गटांत जपानी मल्लांनी कांस्य घेतले. अमेरिकेने दोन सुवर्णांसह चार पदके जिंकली. इक्वेडोरची लुसिया येपेझ, मोल्डोवाची अनास्तासिया निकिता आणि क्यूबाची गुझमान रौप्यपदकापर्यंत पोहोचल्या. म्हणजे शिखर अजून जपानचे असले तरी पदकांचा प्रदेश पसरला आहे.

नव्या नावांत सर्वांत वर अकारी फुजिनामी आहे. सतराव्या वर्षी, २०२१मध्ये ती जगज्जेती झाली. शालेय वयापासून सव्वाशेहून अधिक लढतींत अपराजित राहून ती पॅरिसला आली आणि अंतिम फेरी १०-० अशी जिंकली. ७६ किलोत रौप्य मिळवणारी केनेडी ब्लेड्सही एलोरप्रमाणेच तेव्हा वीस वर्षांची होती. अमेरिकेत शाळा-महाविद्यालयांतून मुलींची कुस्ती वेगाने वाढली आणि तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, एनसीएएने, महिलांच्या कुस्तीला २०२६पासून स्वतःच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा दर्जा दिला. त्यामुळे पुढची फळी अमेरिकेकडून अधिक मोठ्या संख्येने येणार आहे. मात्र तरुण म्हणजेच उगवती, असा सरसकट हिशेब चुकतो. मारूलिसने पहिल्या ऑलिंपिक सुवर्णानंतर नऊ वर्षांनी, २०२५मध्ये झाग्रेबला ५७ किलोचे जागतिक विजेतेपद जिंकले, आणि पॅरिसचा धक्का पचवून सुसाकीही त्याच स्पर्धेत पुन्हा ५० किलोची जगज्जेती झाली.

भारताची वाट

भारतात स्त्रियांची कुस्ती नवी नाही. १९४०-५०च्या दशकांत हमीदा बानू पुरुष पैलवानांना आव्हान देत देशभर फिरत असे. मे १९५४मध्ये बडोद्यात तिने बाबा पैलवानाला एक मिनिट चौतीस सेकंदांत हरवल्याची नोंद आहे. पण त्या लढती म्हणजे लोकांचे कुतूहल होते. मुलींना शिकवणारी तालीम त्यातून उभी राहिली नाही. ती उभी राहिली दिल्लीत, मास्टर चंदगीराम यांनी आपल्या मुलींना आखाड्यात उतरवले तेव्हा. त्यांचाच आदर्श घेऊन हरियाणातल्या बलाली गावी महावीर फोगाट यांनी मुलींना आणि पुतण्यांना शिकवले. गीता फोगाटने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकले आणि २०१२मध्ये ती ऑलिंपिकला जाणारी पहिली भारतीय महिला मल्ल ठरली.

त्यानंतरची वाढ स्पष्ट दिसते. २०२१मध्ये ओस्लोत अंशू मलिकने जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवले. तिथल्या अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. २०२२मध्ये सोफियात अंतिम पंघाल वीस वर्षांखालील जगज्जेती झाली, हेही भारतीय मुलींमध्ये पहिलेच, आणि पुढच्या वर्षी अम्मानमध्ये तिने ते विजेतेपद राखले. २०२३मध्ये रीतिकाने तेवीस वर्षांखालील जागतिक सुवर्ण जिंकले. पॅरिसला गेलेल्या सहा भारतीय मल्लांपैकी पाच मुली होत्या. २०२५मध्ये झाग्रेबला भारताला मिळालेले एकमेव पदकही अंतिमच्या कांस्याचे होते.

दुसरी बाजू अशी की ज्येष्ठ गटाचे जागतिक सुवर्ण आजवर एकाही भारतीय स्त्रीला मिळालेले नाही. कनिष्ठ गटांत जिंकणाऱ्या मुली वरच्या गटात आल्यावर पदकापर्यंत पोहोचतात, पण शेवटच्या पायरीवर अडतात. यात दुखापतींचा वाटा आहे. पॅरिसमध्ये निशा दहिया मोठ्या आघाडीवर असताना जायबंदी झाली आणि ८-१० अशी हरली. संघटनेतल्या गोंधळाचाही वाटा आहे. २०२३मध्ये लैंगिक छळाच्या आरोपांवरून आघाडीच्या मल्लांनी जंतरमंतरवर आंदोलन केले, भारतीय कुस्ती महासंघावर आंतरराष्ट्रीय संघटनेने काही महिने निलंबन लादले, आणि राष्ट्रीय शिबिरे व निवड चाचण्या विस्कळीत झाल्या. ऑलिंपिकपूर्वीचे वर्ष सरावाऐवजी न्यायालये आणि चाचण्यांत गेले, तर त्याची किंमत गादीवर मोजावी लागते.

माती, गादी आणि महाराष्ट्राच्या मुली

स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्राने दिले. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२मध्ये हेलसिंकीत फ्रीस्टाइलचेच कांस्य जिंकले. तरीही महिलांच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीत राज्य मागे राहिले. कोल्हापूर-सांगलीची कुस्तीसंस्कृती मातीची, निकाली कुस्तीची आणि मोठ्या वजनाच्या पैलवानांची. तिथे चितपटीला मान, गुणांच्या कुस्तीला कमी. ऑलिंपिकला लागते ती गादीवरची वेगवान, गुण मोजत खेळलेली कुस्ती, आणि तिच्यात ५० किंवा ५३ किलोच्या मुलीलाही तितकाच मान असतो. हरियाणाने मुलींसाठी गादीचा सराव आधी स्वीकारला आणि त्याचा लाभ घेतला.

आता हे अंतर कमी होऊ लागले आहे. मार्च २०२३मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून पहिला मान मिळवला. हरलेल्या वैष्णवीने तिथे न थांबता २०२५च्या जागतिक स्पर्धेसाठी ६५ किलो गटात भारतीय संघात जागा मिळवली. ६५ किलो हा ऑलिंपिकचा गट नाही. तिच्यासारख्या मल्लाला ६२ किंवा ६८ किलोत स्थिरावून तिथल्या प्रस्थापित मुलींना हरवावे लागेल.

दावेदार कशी ओळखावी

एखादी मल्ल खरोखर वर येते आहे का, याचे उत्तर पदकांच्या यादीपेक्षा लढतींच्या तपशिलात सापडते. तिने कुणाला हरवले, हा पहिला प्रश्न. मानांकित मल्लांवरचे दोन विजय सोप्या सोडतीतल्या कांस्यापेक्षा मोलाचे. गुण कसे आले, हा दुसरा. निष्क्रियतेच्या गुणांवर टिकणारी मल्ल आज जिंकेल, पण खालून शिरणारा पट आणि फिरवण्याचा डाव ज्या मुलीकडे आहे, ती पुढच्या वर्षीही जिंकेल. विजय कोणत्या वजनात मिळाला आणि तो गट ऑलिंपिकमध्ये आहे का, हा तिसरा. चौथा प्रश्न ती त्या वजनात सहज बसते का हा, कारण दर वेळी चार-पाच किलो उतरवणारी मल्ल दुसऱ्या दिवशीच्या काट्यावर किंवा तिसऱ्या लढतीच्या शेवटच्या मिनिटात अडचणीत येते. या कसोट्यांवर फुजिनामी आणि एलोर पूर्ण उतरतात. अंतिम पंघाल ५३ किलोत दोन जागतिक कांस्ये घेऊन त्यांच्या खालच्या पायरीवर उभी आहे. वर जायचे तर तिला जपानी मल्लांविरुद्ध मोठ्या स्पर्धेत विजय हवा.